पडवीच्या खांबांना काय लावायचं, आणि त्याआधी काय काढायचं

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा. रत्नागिरी जिल्ह्यात समुद्रापासून किलोमीटरभरावर आजोबांच्या वेळचं कौलारू घर. पुढे पडवी, तिला सहा सागवानी खांब, खांबांच्या मधे कातीव गजांचा कठडा, आत ओटीवर मुख्य दार आणि वर कोरीव गणेशपट्टी. खांबांवर ऑइलपेंटचे कितीतरी थर. चार वर्षांपूर्वी कठडा आणि दार खरवडून त्यावर चकचकीत पारदर्शक पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं वार्निशसारखं कडक आवरण, मारून घेतलंत. दुसऱ्या पावसाळ्यानंतर त्याचे पापुद्रे सुटायला लागले आणि खालचं लाकूड काळं-करडं पडलं. आता गावातला एक कारागीर जुना रंग ब्लो-लॅम्पने, म्हणजे ज्योतीच्या झोताने, जाळून काढतो म्हणतोय, दुसरा प्रेशर वॉशर घेऊन येतो म्हणतोय. आणि तुम्हाला हवंय असं काहीतरी, जे एकदा लावलं की दहा वर्षं बघायला नको.

बावीस वर्षं मी हेच काम करतो आहे, कोकणातली घरं, पुण्या-वाईचे वाडे, थोडं गोव्यातही. त्यामुळे आधीच सांगतो: कोकणच्या पावसात उघड्यावरच्या लाकडावर दहा वर्षं बघायला नको असं काहीही नाही. बाहेरच्या लाकडावर काहीही लावा, ते एक दिवस संपणारच. म्हणून "सगळ्यात टिकाऊ काय" हा प्रश्न मी बाजूला ठेवतो आणि गिऱ्हाइकाला विचारतो, "संपताना ते कसं संपलेलं तुम्हाला परवडेल?" काही आवरणं पापुद्रे सुटून संपतात, काही नुसती फिकट होत जातात. पापुद्रे सुटले की पुन्हा सगळं खरवडणं आलं. फिकट झालं तर धुवायचं, वाळवायचं आणि वरून एक हात मारायचा. तुमचा खरा प्रश्न हा आहे. कुठल्या कंपनीचा डबा घ्यायचा, हा त्याच्या नंतरचा.

तुमचं पीयू का सुटलं ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. लाकडाच्या धाग्यांना धरून ठेवणारं जे द्रव्य असतं, लिग्निन, ते उन्हातल्या अतिनील किरणांनी तुटतं. पारदर्शक थरातून हे किरण बऱ्यापैकी आरपार जातात. वरचा थर शाबूत दिसतो, पण त्याने ज्या लाकडाला धरलेलं असतं त्याच लाकडाचा कागदाइतका पृष्ठभाग आतून सुटत असतो. त्यात पावसाळ्यात लाकूड आडव्या अंगाने फुगतं, मार्च-एप्रिलात आकसतं. पीयू कडक, ते एवढं ताणलं जात नाही. कुठेतरी केसाएवढी चीर पडते, बहुतेक वेळा गजाच्या टोकाशी किंवा सांध्यात. तिथून पाणी आत शिरतं आणि बाहेर पडायला वाट मिळत नाही. मग बुरशी. तुमच्या माणसाने काम वाईट केलं असेलच असं नाही. घरातल्या कपाटावर हेच पीयू वीस वर्षं राहिलं असतं.

आता काही गोष्टी अशा आहेत ज्या मला इथे बसून कळणार नाहीत, त्या तुम्हालाच बघाव्या लागतील. पहिली, पावसाची झड नेमकी कुठवर येते. मोसमी वारे नैर्ऋत्येकडून येतात, तेव्हा पश्चिमेकडचे दोन खांब आणि पूर्वेकडचे दोन यांचं आयुष्य सारखं नसतं. सहाही खांबांना एकच औषध लावायची गरज बहुतेक घरांत नसते. दुसरी, लाकूड सगळं सागवानच आहे का. कोकणात खांब सागाचे, पण वरची तुळई किंजळीची किंवा ऐनाची आणि दार फणसाचं, असं मी वारंवार पाहिलंय. फणसाचं लाकूड पिवळसर असतं आणि काळाबरोबर तपकिरी होतं, त्यामुळे जुनं झालं की लोक त्याला साग समजतात. तिसरी, घरात वर्षभर कोणी राहतं का. बंद घराचं लाकूड वेगळं वागतं, आणि पावसाळ्यानंतर धुवायला कोणी नसेल तर मी सल्लाही वेगळा देईन.

रंग काढण्याआधी लाकडाची तब्येत बघा. एक दाभण किंवा बारीक स्क्रूड्रायव्हर घ्या आणि प्रत्येक खांब तळाशी, म्हणजे जिथे तो दगडी तळखड्यावर बसतो तिथे, चारी बाजूंनी टोचून पाहा. खांबाचं टोक म्हणजे उभ्या नळ्यांचं उघडं तोंड, तिथून लाकूड पाणी शोषतं. दाभण सहज बोटाच्या पेराएवढं आत गेलं, तर रंगाचा विषय थांबवा आणि आधी सुताराला बोलवा. बाहेरून सुंदर रंगवलेला आणि आतून भुगा झालेला खांब मी दोनदा पाहिलाय. दोन्ही वेळा रंगाच्या जाड थरानेच ते लपवलं होतं.

मग वर काय आहे ते ओळखायचं. न दिसणाऱ्या जागी, दाराच्या मागच्या बाजूला खाली, स्पिरिटमध्ये भिजवलेला बोळा मिनिटभर दाबून ठेवा. चिकट होऊन बोळ्यावर तपकिरी रंग उतरला तर ते चपड्याचं जुनं पॉलिश. स्पिरिटने काही झालं नाही पण थिनरने विरघळलं, तर लॅकर. दोन्हीने ढिम्म हललं नाही तर पीयू किंवा ऑइलपेंट, आणि त्या दोघांतला फरक तुम्हाला डोळ्यांनी कळेल. काळ्या डागांवर साध्या क्लोरीन ब्लीचचा एक थेंब टाका. मिनिटा-दोन मिनिटांत डाग फिका पडला तर बुरशी. तसाच राहिला आणि आसपास खिळा किंवा बिजागरी असेल, तर तो लोखंडाचा डाग. सागात टॅनिन नावाचं जे तुरट द्रव्य असतं त्याच्याशी ओलं लोखंड मिळून निळसर काळा रंग होतो, शाईसारखा. बुरशीचं औषध त्याला लागू पडत नाही. लोक महिनोन्‌महिने ब्लीचने घासत बसतात.

खांबांवरच्या ऑइलपेंटबद्दल मात्र मी अगदी कळकळीने सांगतो. आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा, जास्त नको, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा जो जो थर तुमच्या खांबांवर आहे तो शिशाचा आहे असं धरूनच चाला. अगदी खालचा थर नारिंगी-लाल निघाला तर शंका ठेवूच नका. जुने रंगारी शेंदराचं प्रायमर मारत, आणि शेंदूर म्हणजे शिशाचंच भस्म. ब्लो-लॅम्पने हा रंग जाळला की शिशाची वाफ होते, ती जाळणारा श्वासात घेतो आणि उरलेली पडवीत धुळीसारखी बसते. लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा जो परिणाम होतो तो भरून निघत नाही. वर कौलांखाली वर्षानुवर्षांची सुकी धूळ, जाळी, उंदरांची घरटी असतात, एक ठिणगी पुरते. त्यामुळे ब्लो-लॅम्पवाल्याला नम्रपणे नाही म्हणा. कोरडं सँडिंग मशीनही या रंगावर नको.

मग कसं काढायचं? मला वाटतं, त्याआधी विचारा की काढायचंच का. पूर्वेकडच्या ज्या खांबांवर रंग घट्ट आहे, नखाने किंवा बोथट पात्याने उचलला जात नाही, तिथे मी तो काढत नाही. साबणाच्या पाण्याने धुतो, सुटे भाग ओले करून खरवडतो, कडा ओल्या पॉलिश पेपरने उतरत्या करतो आणि वरून पुन्हा रंग देतो. लाकडाच्या दृष्टीने हे पूर्ण सभ्य काम आहे. शिसं जागच्या जागी बंद राहतं आणि तुमचे पैसे वाचतात. उघडं सागवान दिसलंच पाहिजे ही हौस गेल्या काही वर्षांतली आहे. पुष्कळ जुन्या घरांत खांब पहिल्यापासून रंगवलेलेच होते. पश्चिमेच्या दोन-तीन खांबांवर रंग पोपडे धरून सुटत असेल, तर तिथे मात्र पूर्ण काढा.

ऑइलपेंट काढायला माझ्याकडे मुख्य हत्यार म्हणजे कॉस्टिक सोडा. तेलाचा रंग त्याने साबणासारखा होतो आणि मऊ पडतो. साधारण लिटरभर थंड पाण्यात ५० ते १०० ग्रॅम, थर जाड असतील तसा, आणि त्यात स्टार्च घालून खळीसारखं दाट करायचं म्हणजे उभ्या खांबावर ओघळत नाही. सोडा पाण्यात घालायचा, सोड्यावर पाणी कधीही ओतायचं नाही, ते उसळून तोंडावर येतं. भांडं प्लास्टिकचं. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात घातलंत तर पातेलं खाल्लं जातं आणि पेट घेणारा वायू निघतो. कोपरापर्यंत रबरी हातमोजे, डोळ्यांना बंद गॉगल, शेजारी पाण्याची भरलेली बादली. हे ज्याला जमणार नाही त्याने हे काम हातात घेऊ नये, डोळ्यात गेलेला कॉस्टिक दुसरी संधी देत नाही.

एका वेळी हातभर लांबीचा पट्टा घ्यायचा. लेप द्यायचा, वर प्लास्टिक गुंडाळायचं, म्हणजे वाळणार नाही. वीस मिनिटांनी एका कोपऱ्यात पाहायचं. रंग सुरकुतलेला दिसला की बोथट पात्याने वरून खाली, रेषेच्या दिशेने ओढायचं. थर बरेच असतील तर दोनदा-तीनदा. खाली जाड प्लास्टिक अंथरलेलं असलंच पाहिजे, त्याच्या कडा विटा लावून उंच करायच्या. कोकणात हे विशेष सांगतो, कारण पडवीसमोर अंगण, अंगणाच्या कडेला विहीर आणि खाली नारळी-पोफळीचं आगर असतं. हा चिखल तिकडे जाता कामा नये. खरवडलेला रंग पिशव्यांत बांधून ठेवा, चुलीत किंवा शेकोटीत टाकू नका. काम चालू असताना मुलं आणि गरोदर बायका घरात नकोत, कोंबड्या अंगणात नकोत, काम करणाऱ्याच्या तोंडावर पी-१०० फिल्टरचा मास्क हवा, आणि त्याचे कपडे वेगळे धुवायचे.

कठडा आणि दार यांची गोष्ट वेगळी, तिथे पीयू आहे. कॉस्टिक त्याला जुमानत नाही, आणि तापवून काढायचं म्हटलं तर त्याचा धूर छातीला फार वाईट. सुदैवाने तुमचं पीयू अर्धं सुटलेलंच आहे. कार्बाइड पात्याची खरवडणी घ्या, पातं धारदार ठेवा आणि ओढून काढा. कातीव गजांच्या खाचांसाठी जुने सुतार फुटक्या काचेचा वळणदार तुकडा वापरत, मीही वापरतो, फक्त चामड्याचा हातमोजा घालून. बाजारात मिळणारे पेंट रिमूव्हर चालतात, पण बऱ्याच डब्यांत मिथिलीन क्लोराइड असतं. ते अगदी उघड्या वाऱ्यातच वापरायचं. बंद खोलीत त्याच्या वाफेने माणसं मेलेली आहेत. कोपऱ्याकोपऱ्यांत पीयूच्या खाली जुना रंग उरलेला दिसला तर तिथे पुन्हा शिशाचीच काळजी.

प्रेशर वॉशरला माझा सरसकट विरोध नाही, पण तो रंग काढण्याचं यंत्र नव्हे. जास्त दाबाने सागाच्या रेषांमधला मऊ भाग आधी उडतो, कडक भाग उभा राहतो, आणि लाकूड धुतलेल्या गोणपाटासारखं केसाळ होतं. वाळू मारून साफ करणं त्याहून वाईट. खरखरीत झालेलं लाकूड पुन्हा गुळगुळीत करायला दोन-दोन मिलिमीटर कापावं लागतं, आणि कातीव गजांचा घाट परत येत नाही. मी बागेच्या नळीने आणि नायलॉनच्या ब्रशने धुतो. तारेचा ब्रश लाकडाला लावतच नाही. त्याचे बारीक तुकडे रेषांत अडकतात आणि पहिल्या पावसात जागोजागी काळे ठिपके उमटतात.

जिथे आवरणच नाही, नुसतं करडं झालेलं उघडं लाकूड आहे, तिथे काही खरवडू नका. ऑक्सिजन ब्लीच म्हणून जी पांढरी पूड मिळते, सोडियम परकार्बोनेट, ती लिटरभर कोमट पाण्याला साधारण ६० ग्रॅम घ्या. ताजीच कालवायची, काही तासांत तिचा जोर जातो. ब्रशने लावून पंधरा-वीस मिनिटं ओली ठेवायची, मग घासून धुवायचं. मेलेला करडा थर फेसाबरोबर निघून येतो. क्लोरीन ब्लीच डाग ओळखायला थेंबभर ठीक, सगळा कठडा त्याने धुवायला मी कधीच सांगणार नाही. ते बुरशीचा रंग घालवतं आणि लाकडाचे धागेही सैल करतं.

आता ती पायरी, जी वगळल्यामुळे मी स्वतः एक काम बिघडवलं. सुरुवातीच्या वर्षांत एका घराचे चार खांब मी कॉस्टिकने अगदी स्वच्छ केले. धुताना पाणी भरपूर घातलं, म्हणून समजलो की सोडा गेला. सागवान कॉस्टिकने काळवंडतं, ते उन्हात उजळेल असं वाटलं. तेल लावलं. महिन्याभरात खांबांवर पांढरट फुलोरा आला, तेल चिकट राहिलं, आणि रंग गडद कॉफीसारखाच. लाकडाच्या आत क्षार उरला होता, आणि तो वरून लावलेलं तेल साबणात बदलत होता. चारही खांब माझ्या खर्चाने पुन्हा केले. त्या घरातल्या आजी रोज सकाळी येऊन खांबाला हात लावून बघायच्या, काही बोलायच्या नाहीत. तेव्हापासून लिटमस कागदाची पट्टी माझ्या खिशात असते.

ती पायरी म्हणजे ऑक्झॅलिक ॲसिड, जे लाकडात उरलेला क्षार मारतं. संगमरवराच्या पॉलिशवाल्यांकडे किंवा केमिकलच्या दुकानात त्याचे साखरेसारखे खडे मिळतात. लिटरभर गरम पाण्यात ५०-६० ग्रॅम, प्लास्टिकच्या बादलीत. विषारी आहे, त्यामुळे बाटलीत भरून घरात ठेवू नका. आणि क्लोरीन ब्लीचबरोबर चुकूनही एकत्र करू नका, क्लोरीन वायू सुटतो. लाकूड ओलं असतानाच ब्रशने सगळीकडे सारखं लावायचं, ठिपक्यांपुरतं नाही, नाहीतर ठिगळं दिसतात. आणि मग थांबून बघायचं. माझ्या सगळ्या कामात मला हे बघायला सगळ्यात जास्त आवडतं. खांब ओल्या कोळशासारखा काळा असतो. ब्रश फिरतो तिथे आधी काहीच होत नाही. मग रेषांच्या कडेने तांबूसपणा वर येतो, मधाचा रंग पसरत जातो, खिळ्याभोवतीचा शाईचा डाग कडेकडून आत आकसतो, आणि दहा-पंधरा मिनिटांत आजोबांनी आणलेलं लाकूड समोर उभं राहतं. त्यानंतर भरपूर गोड्या पाण्याने दोनदा धुवायचं, कारण उरलेलं ॲसिड वाळून त्याची पूड झाली की नंतर घासताना नाका-घशाला झोंबते. ओल्या लाकडावर लिटमसची पट्टी दाबा. निळी पट्टी लाल होत नाही आणि लाल पट्टी निळी होत नाही, एवढं दिसेपर्यंत धुवायचं. गोडं पाणी मुद्दाम म्हणतोय. तुमच्याकडे समुद्राच्या वाऱ्याबरोबर मीठ येऊन बसतं आणि मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं. मिठावर लावलेलं काहीही नीट बसत नाही.

डाग गेला तरी लोखंडी खिळा तिथेच असेल तर तो पुन्हा येणार. जे खिळे, स्क्रू काढता येतील ते काढून पितळी किंवा ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचे घाला.

यानंतर वाळणं. घाई करणारे इथेच फसतात. वरून हाताला कोरडं लागलेलं लाकूड आत ओलं असतं. माझ्याकडे दोन सुयांचं ओलावा मोजायचं यंत्र आहे. १५ टक्क्यांच्या आसपास किंवा खाली काटा आल्याशिवाय मी डबा उघडत नाही. तुमच्याकडे ते नसेल तर पाण्याचे चार थेंब खांबावर ठेवा. दोन-तीन मिनिटांत आत शोषले गेले तर लाकूड घ्यायला तयार आहे. मण्यासारखे तसेच राहिले तर एकतर लाकूड ओलं आहे किंवा जुनं आवरण अजून शिल्लक आहे. कोकणात माझा हंगाम दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेर. मे महिन्यात सुट्टीला आलो तेव्हा करून घेऊ, असं बहुतेक मुंबईकर म्हणतात. पण तेव्हा हवेत दमटपणा वाढलेला असतो आणि जूनचा पहिला आठवडा डोक्यावर असतो.

वाळल्यावर धागे उभे राहतील, ते ८० नंबरच्या पॉलिश पेपरने रेषेच्या दिशेने हलके मारा आणि तिथेच थांबा. हाताची जागा, म्हणजे कठड्याची वरची फळी, १२० पर्यंत. आतल्या फर्निचरसारखं २२० ने घोटून आरसा केलात तर पृष्ठभाग बंद होतो आणि स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा रंग, आत जात नाही.

आता काय लावायचं. कठडा, दाराची बाहेरची बाजू आणि जे खांब तुम्ही पूर्ण उघडे कराल त्यांना मी आत मुरणारं, तेलावर आधारलेलं, अर्धपारदर्शक एक्स्टिरियर स्टेन लावेन. दुकानात तीन गोष्टी विचारा: वर थर धरतं की आत मुरतं, त्यात रंगद्रव्य आहे का, आणि बुरशीनाशक आहे का. रंगद्रव्य सर्वांत महत्त्वाचं. लोह-ऑक्साइडचे ते बारीक तांबूस कण ऊन अडवतात, नुसतं पारदर्शक तेल ते करू शकत नाही. म्हणून "एकदम क्लिअर हवं, लाकूड जसंच्या तसं दिसलं पाहिजे" असं म्हणणाऱ्याला मी वर्षभरात करडं होईल हे आधीच सांगून ठेवतो. मध किंवा फिका अक्रोड, असा एखादा हलका तांबूस रंग घ्या.

बेलतेलाबद्दल तुम्ही विचारलंत. उकळलेलं जवसाचं तेल घरातल्या दाराला, झोपाळ्याला फार छान. बाहेर, कोकणच्या दमट हवेत, नुसतं बेलतेल बुरशीचं जेवण होतं आणि दोन पावसाळ्यांत लाकूड काळं पडतं. काजूच्या टरफलाचं तेल आपल्याकडे वाशांना आणि होड्यांना पिढ्यान्‌पिढ्या लावत आले, वाळवीला ते खरंच दूर ठेवतं. ते वर कौलांखाली न दिसणाऱ्या वाशांना अजूनही लावा, पण कातडी भाजतं म्हणून हातमोज्यांशिवाय नको. पडवीच्या दर्शनी खांबांना नको, गर्द काळपट होतं.

लावायची पद्धत सोपी, पण शिस्तीची. सकाळी दहिवर वाळल्यावर सुरू करा आणि सावलीच्या बाजूने सावलीबरोबर सरकत राहा. तापलेल्या लाकडावर स्टेन मुरायच्या आत वाळतं. पातळ हात, ब्रशने रेषेच्या दिशेने, एक गज वरपासून खालपर्यंत पूर्ण करूनच पुढे. गजांची टोकं, दाराची खालची कड आणि खांबाचा तळ यांना पिईल तेवढं पाजा, तीन-तीनदा. पंधरा-वीस मिनिटांनी वर जे चमकत राहिलंय ते कापडाने पुसून घ्या. पुसायला जीव होत नाही, विकत घेतलेलं पुसून टाकतोय असं वाटतं. पण न मुरलेलं स्टेन वर चिकट थर होऊन बसतं आणि मग तेही पापुद्र्यांनीच सुटतं. साग घट्ट लाकूड आहे, जास्त पीत नाही. पुसलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. अशा स्टेनमधलं जवसासारखं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि ढिगातली फडकी आपोआप पेटतात. पाण्याच्या बादलीत बुडवा, नाहीतर एकेक पसरून वाळवा.

सहा खांबांपैकी दोन-तीन उघडे करायचे, कठडा आणि दार, एवढ्याला माझ्या दोन माणसांना वाळण्याचे दिवस धरून साधारण तीन आठवडे लागतात. कोणी चार दिवसांत करून देतो म्हणाला, तर वाळायला किती दिवस धरलेस एवढं विचारा.

पुढची देखभाल अशी: पाऊस संपला की दसरा-दिवाळीच्या सुमाराला साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुणं. झड लागणाऱ्या बाजूला दर दुसऱ्या वर्षी एक हात, आतल्या बाजूला चार-पाच वर्षांनी. थेंब ठेवून बघा, शोषला गेला की वेळ झाली. खरवडणं नाही, कॉस्टिक नाही, एका दिवसाचं काम. घर बंदच राहणार असेल आणि हे करणारं कोणी नसेल, तर पश्चिमेच्या खांबांना पुन्हा चांगला अपारदर्शक रंगच द्या, तो ऊन पूर्ण अडवतो. आणि तुमच्या आजोबांच्या वेळी पावसाळ्याआधी पडवीला चुडताची, म्हणजे नारळाच्या झावळ्यांची, झापं बांधत असतील. ती पुन्हा बांधा, किंवा ताडपत्री बांधा, पण वर-खाली हातभर जागा सोडून, म्हणजे वारा खेळेल. माझ्या कुठल्याही डब्यापेक्षा ते लाकूड जास्त वाचवेल.

राहिली गणेशपट्टी. तुम्ही विचारलंत की दाराबरोबर तिच्यावरचाही रंग काढून टाकू का. तिला कॉस्टिक लावू नका, खरवडणी लावू नका, आणि माझ्यासकट कोणालाही एका दिवसात करून देतो म्हणू देऊ नका. ती छपराखाली आत आहे, तिच्यावर पाऊस येत नाही, तिला कसली घाई नाही. कोमट पाण्यात किंचित साबण, कापसाचा बोळा, पिळून घेतलेला. सोंडेच्या वळणापासून सुरुवात करा आणि बोळा काळा झाला की बदला. धूर, उदबत्ती आणि तेलाच्या हातांचा थर बराच निघेल. खाली रंग कुठला आहे ते दिसू दे, तो कदाचित मूळचाच असेल. मग तिचा एक फोटो मला पाठवा, पुढचं तेव्हा बोलू.